अष्टनायिकांचा छापील चित्रसंच : रेषा जपली, रात्र हरवली

पहाडी शैलीतील (हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतील लघुचित्रशैली) अष्टनायिकांच्या, म्हणजे प्रेमातील आठ अवस्थांत दाखवलेल्या नायिकांच्या, आठ चित्रांचा हा छापील संच मी दिवाणखान्यासाठी ऑनलाइन मागवला. प्रत्यक्षात सहाच चित्रे चौकटीत गेली आणि दोन पाकिटातच राहिली. कागद जाड व चकाकी नसलेला आहे, पाठवणीही काळजीपूर्वक झाली होती, त्याबद्दल तक्रार नाही.

या चित्रांत नायिकांचे चेहरे बहुधा एकाच वळणाचे असतात आणि तिची अवस्था ओळखायची ती भोवतालच्या वस्तूंवरून. शेज सजवून वाट पाहणारी ती वासकसज्जा, नायकाकडून पायांना अळता लावून घेणारी ती स्वाधीनभर्तृका, आणि संकेतस्थळी (भेटीच्या ठरलेल्या जागी, या शब्दाचा जुना अर्थ हाच) प्रियकर न आल्याने दागिने उतरवून फेकणारी ती विप्रलब्धा. भरताच्या नाट्यशास्त्रातील हे वर्गीकरण कवी केशवदासाने १५९१ मध्ये ‘रसिकप्रिया’त ब्रजभाषेत मांडले, आणि चित्रकारांनी त्याला रंगरूप दिले. संचातील विप्रलब्धेची खालची पट्टी मात्र छापताना कापली गेली आहे. जमिनीवरचे दागिने गेले आणि उरली ती झाडाखाली उगीच उभी असलेली एक बाई.

त्याहून मोठी निराशा कृष्णाभिसारिकेने केली. अंधाऱ्या पावसाळी रात्री निळ्या वस्त्रात निघालेली नायिका, पायाशी वळवळणारे साप, आडरानातली भुते आणि आकाश चिरणारी सोनेरी वीज, हे सारे दिसले तरच तिचे धाडस कळते. इथे निळा आणि काळा एकजीव झाले असून विजेचे सोने मातकट तपकिरी उतरले आहे.

बसोली या पहाडी संस्थानाच्या शैलीतील चित्राचा तळपता सपाट पिवळा रंग मात्र सुरेख साधला आहे. बसोलीत चितारलेल्या जुन्या ‘रसमंजरी’च्या (नायिकाभेदावरील संस्कृत काव्यग्रंथ) चित्रांत पाचूंच्या जागी भुंगेऱ्यांच्या पंखांचे तुकडे चिकटवलेले आहेत, ती झळाळी छपाईत येणार नाही, हे मान्यच करावे लागते.

सोबतच्या पत्रकात खंडिता आणि कलहांतरिता यांची नावे उलटसुलट झाली आहेत. परस्त्रीच्या खुणा अंगावर घेऊन पहाटे परतलेल्या नायकाला बोल लावणारी ती खंडिता, आणि भांडून त्याला घालवल्यावर पस्तावणारी ती कलहांतरिता, एवढा भेद विक्रेत्याने तपासून घ्यायला हवा होता. ‘रसमंजरी’ची एक सचित्र पोथी १६५० मध्ये औरंगाबादेत तयार झाली होती, याचा उल्लेखही मराठी ग्राहकाला आवडला असता.

विप्रलब्धेची न कापलेली प्रत मी बदलून मागितली आहे. कृष्णाभिसारिका परत पाठवली.