नाणे तपासायचा घरगुती संच: काटा आणि भिंग कामाचे, बाकीचा डबा शोभेचा

जुनी नाणी पारखायला म्हणून जो तयार संच ऑनलाइन मिळतो, त्यात साधारण सात वस्तू असतात: खिशात मावणारा डिजिटल वजनकाटा, व्यास आणि जाडी मोजायचा कॅलिपर, भिंग, चपटे लोहचुंबक, अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी, चांदी तपासायच्या आम्लाची बाटली आणि नाणी ठेवायला पारदर्शक पाकिटे. विकणाऱ्याचे नाव बदलते, डबा जवळपास तोच. जाहिरातीत भाव खातात ते चुंबक आणि आम्ल. प्रत्यक्षात खोटे नाणे पकडतात काटा आणि भिंग.

काटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा असेल तरच संच घ्यावा. 0.1 वाला काटा स्वयंपाकघरात ठीक. आणि 0.01 दाखवतो म्हणजे तितका अचूक असतोच असे नाही. सोबत आलेल्या वजनाने आधी तो जुळवून घ्या, मग एकच नाणे मधोमध आणि चारही कोपऱ्यांत ठेवून पाहा. आकडा 0.02 पेक्षा जास्त हलला तर काटा परत पाठवा. पंखा बंद, टेबल सपाट, सेल नवे. तक्रारींपैकी निम्म्या इथेच मिटतात.

ब्रिटिश इंडियाचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, अमेरिकेचा मॉर्गन डॉलर 26.73 ग्रॅमचा. वापरून गुळगुळीत झालेले नाणे थोडे हलके भरणारच. जड भरले तर मात्र कान टवकारावेत, कारण झिजेने वजन घटते, वाढत नाही. हाताने पाडलेल्या नाण्यांना हा नियम इतका काटेकोर लावता येत नाही; ती मुळातच थोडी कमी-जास्त वजनाची असत.

पण नुसते वजन जुळले म्हणून नाणे खरे ठरत नाही. हलक्या धातूचे नाणे जरा जाड केले की वजन बरोबर येते. तिथे याच काट्यावर करायची एक चाचणी उपयोगी पडते, आणि तिच्याबद्दल संचातल्या माहितीपत्रकात एक ओळही नसते. छोट्या प्लॅस्टिकच्या कपात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा (काट्याची मर्यादा ओलांडू नका) आणि आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्यात अडकवून पाण्यात पूर्ण बुडेल असे लटकवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. टेकले की नाण्याचे स्वतःचे वजनही आकड्यात मिसळते. आता जो आकडा दिसेल त्याने कोरड्या नाण्याच्या वजनाला भागा. आलेले उत्तर म्हणजे नाण्याची घनता.

91.7 टक्के चांदीच्या रुपयाला काटा सुमारे 1.13 दाखवतो, म्हणजे घनता 10.3 च्या आसपास. त्याच वजनाचे तांबे-निकेलचे नाणे 1.30 दाखवेल, कारण त्याची घनता 9 च्याही किंचित खाली असते. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच होती. वजन तेच 11.66, पण काटा 1.22 च्या जवळ थांबतो. त्यामुळे 9.5 घनता आली म्हणून लगेच नाणे खोटे ठरवू नका, आधी साल वाचा.

चुका होतात त्या बुडबुड्यांमुळे. कडेच्या खाचांत हवा अडकली की आकडा वाढतो, घनता कमी येते आणि खरे नाणे खोटे वाटते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि नाणे एकदा हलवले की काम होते. दुसरी मर्यादा आकाराची. दोन ग्रॅमच्या चांदीच्या नाण्याला काटा 0.19 दाखवेल; त्यात 0.01 ची चूक म्हणजे उत्तरात पाच टक्क्यांचा फरक. इतक्या छोट्या नाण्यांसाठी ही चाचणी सोडून द्या.

कॅलिपर प्लॅस्टिकचा आला तर नाण्याला ओरखडा जात नाही, पण मापावर फार भिस्त ठेवता येत नाही. स्टीलचा अचूक, मात्र त्याचे जबडे मऊ चांदीवर खूण उमटवतात. स्टीलचाच घ्या, दोन्ही जबड्यांवर कागदाची पट्टी लावा, जबडे मिटून शून्य करा आणि मग मोजा. जाडी कडेवरच्या उंच काठावर घ्यायची, मधे नाही.

भिंगाच्या दांड्यावर 30 किंवा 60 पट लिहिलेले असले तरी भुलू नका. इतक्या जवळून नाण्याचा एवढासा तुकडा दिसतो आणि तोही धड स्पष्ट नाही. 10 पट पुरते. भिंग डोळ्याला लावायचे आणि नाणे त्याच्याजवळ आणायचे. दिवा एकच, बाजूने. ओतीव नाण्याच्या सपाट भागावर बारीक खड्डे आणि पुटकुळ्या दिसतात, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या गोल असतात. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे मुळाशी धारदार उठलेली असतात. न झिजलेले असेल तर ते फिरवताना चकाकीचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. मग कड पाहा. पूर्ण गोल फिरणारी शिवण किंवा कानशीचे ओरखडे दिसले तर आणखी पुरावा शोधत बसू नका. एकाच प्रकारची दोन नाणी हाती असतील आणि दोन्हींवर तोच ओरखडा तंतोतंत त्याच जागी असेल, तर खऱ्या नाण्यावरून ठसा उचलल्याचा दाट संशय घ्यावा.

काटा जिथे पूर्ण हरतो तिथेही भिंगच हवे. 1893 सालचा, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा मॉर्गन डॉलर दुर्मिळ. म्हणून त्याच सालच्या फिलाडेल्फियाच्या खऱ्या नाण्यावर ‘एस’ हे सॅन फ्रान्सिस्कोच्या खुणेचे अक्षर चिकटवतात. वजन खरे, चांदी खरी, लबाडी तेवढ्या एका अक्षरात. त्याच्या बुडाशी केसाएवढी फट किंवा वेगळा रंग शोधायचा.

उलट 1780 सालचा मारिया थेरेसा थालर हे ऑस्ट्रियाचे चांदीचे नाणे घ्या. तेच साल घालून तो पुढे दोनशेहून जास्त वर्षे पाडला गेला, 28.07 ग्रॅम, 83.3 टक्के चांदी. अधिकृत टांकसाळीतला नवा कोणता आणि जुना कोणता, हे काटा सांगू शकत नाही. तिथे नक्षीतले बारकावे माहीत असावे लागतात.

चुंबकाचा अर्थ बहुतेक जण उलटा लावतात. चांदीचे म्हणून घेतलेले नाणे चिकटले तर ते खोटे, हे बरोबर. न चिकटले म्हणून खरे, हे साफ चूक. पितळ, जस्त, शिसे यांपैकी काहीच चिकटत नाही. शिवाय खरी नाणीही चिकटतात: 1947 चा रुपया निकेलचा आहे, अमेरिकेचा 1943 चा सेंट पोलादाचा. त्या सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून दुर्मिळ ब्राँझचा म्हणून खपवतात. तिथे मात्र चुंबक एका क्षणात निकाल लावते.

अतिनील बॅटरी नोटांसाठी ठीक. नाण्यावर फार तर एखादा गोंद चमकेल. आम्लाची बाटली उघडूच नका. ती फक्त वरचा थर तपासते, म्हणजे चांदीचा जाड मुलामा पास होतो आणि खऱ्या नाण्यावर कायमचा डाग राहतो.

राहिली पाकिटे. मऊ, लवचीक आणि नव्या रेनकोटसारख्या वासाची असतील तर ती पीव्हीसीची. त्यात ठेवलेल्या नाण्यावर काही काळाने हिरवट चिकट थर धरतो. डबा उघडला की ती आधी बाजूला काढा.