‘फुल ओव्हरहॉल’ सांगून गळ्यात मारलेला यशिका मॅट

गेल्या रविवारी जुन्या कॅमेऱ्यांच्या विक्रीच्या जाहिराती पाहताना मला ती हिरवी कटिंग मॅट पुन्हा दिसली. डाव्या कोपऱ्यात सोल्डरिंगचा चटका बसून तपकिरी डाग पडलेली. त्याच मॅटवर ठेवलेल्या यशिका मॅट १२४ जी या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचे फोटो पाहून मी साडेसोळा हजार रुपये पाठवले होते. या वेळी मॅटवर दुसरा कॅमेरा होता, मजकूर मात्र शब्दन्‌शब्द तोच: ‘फुल ओव्हरहॉल. सर्व स्पीड ओके. लेन्स एकदम क्लीन.’ म्हणून लिहायला बसलो. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही, तक्रार अजून प्रलंबित आहे. पण त्याने काय केलं आणि ते कसं ओळखायचं, हे जुना कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

मी सहा वर्षांपासून घरीच फिल्म कॅमेरे उघडतोय. नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाली की डायनिंग टेबलावर. सुरुवात आग्फा क्लिकपासून झाली, मग यशिका इलेक्ट्रो ३५, ज्यातला रबराचा छोटा पॅड कुजून हमखास भुगा होतो. हळूहळू हात बसला. यशिका मॅट १२४ जी मात्र मला दुरुस्तीसाठी नको होता, वापरायला हवा होता. काकांचा कोल्हापुरात स्टुडिओ होता आणि त्यांच्या गळ्यात हाच कॅमेरा असायचा. दोन लेन्स एकाखाली एक, छातीशी धरून वरून काचेत बघायचं, बाजूचा हँडल फिरवून रोल पुढे न्यायचा. तो हँडल फिरतानाचा आवाज मला अजून आठवतो. नावातले १२ आणि २४ म्हणजे १२० च्या रोलवर बारा फोटो आणि २२० च्या रोलवर चोवीस, हे मला काकांनीच सांगितलं होतं. स्टुडिओ बंद झाला तेव्हा कॅमेराही विकला गेला. १९७० ते १९८६ या काळात निघालेलं हे मॉडेल, म्हणजे आज हातात येणारा सर्वांत नवा नगही चाळिशीच्या घरातला. त्यामुळे मला शटर साफ केलेला, तयार कॅमेरा हवा होता आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजायची तयारी होती.

फोनवरचा माणूस मराठी, आदबशीर, वाक्यागणिक ‘दादा’ म्हणणारा. आत कॉपल एसव्ही या जातीचं शटर आहे, उजेड मोजणारा मीटर पाऱ्याच्या पीएक्स ६२५ सेलवर चालायचा आणि तो सेल आता बनत नाही, हे सगळं त्याने आपणहून सांगितलं. ‘मीटर थोडा चुकणार दादा, खोटं कशाला सांगू?’ या एका वाक्यावर मी सैल पडलो. कॅमेऱ्यातला एक लहानसा दोष त्याने स्वतःहून कबूल केला, तेव्हा उरलेलं सगळं खरंच असणार असं मी धरून चाललो. मीटरचं मला काही वाटत नव्हतं, मी उजेड मोबाइलवर मोजतो. व्हिडिओ मागितला, तो दहा मिनिटांत आला. सेकंदाच्या १/५०० पासून एक सेकंदापर्यंत एकेक स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, प्रत्येक वेळी शटर टकाटक. अठरा हजारांवरून साडेसोळावर सौदा ठरला, पैसे यूपीआयने गेले. पार्सलमध्ये छापील चिठ्ठीही होती: सहा महिन्यांची हमी, खाली सही.

कॅमेरा आल्यावर मी पाच-सहा क्लिक करून पाहिले, चांगला वाटला. उघडून बघायला हवा होता. पण पुढच्याच आठवड्यात सांगलीला आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि मला तो तिथे न्यायचा होता.

डिसेंबरातली सकाळ, थंडी चांगलीच होती. कॅमेरा रात्रभर ओसरीवरच्या कपाटात होता. तिथेच आजीला पाटावर बसवलं, आत्या-मावश्या ओवाळायला उभ्या राहिल्या. ४०० चा काळापांढरा रोल, ट्रायपॉड, १/३०. बारा फोटो काढले, काकांच्या सवयीप्रमाणे मोजून-मापून. रोल घरी धुतला. टाकीतून काढून उजेडात धरला तर पहिले दोन फ्रेम काळेकुट्ट, म्हणजे निगेटिव्हवर उजेड भरमसाट पडलेला. पुढचे तीन-चार दाट आणि हललेले, आजीच्या हाताचा नुसता फराटा. शेवटचे उजेडाला बरे, पण एकाही फोटोत डोळे शार्प नाहीत. शार्प होती ती मागची भिंत. मी आजीच्या चष्म्याच्या काडीवर फोकस केला होता, आणि स्पष्ट आलं होतं भिंतीवरचं कॅलेंडर.

त्या रात्री कॅमेरा तसाच टेबलावर ठेवला. सकाळी हात लावायच्या आधी मोबाइल स्लो-मोशनवर लावला, सेकंदाला २४० फ्रेमवाला. १/३० वर शटर आठ फ्रेम उघडं दिसायला हवं. पहिल्या क्लिकला पात्या उघडल्या त्या उघड्याच राहिल्या, सावकाश सरकत मिटल्या. मोजायचं तरी काय? दुसऱ्या क्लिकला साधारण दोनशे फ्रेम. पाचव्याला चाळीस. बाराव्याला नऊ. म्हणजे बारा वेळा दाबलं की शटर जवळजवळ ठीक चालत होतं. तो व्हिडिओ दहा मिनिटांत कसा आला, याचं उत्तर माझ्यासमोर होतं. व्हिडिओ खरा होता. तो फक्त आधी पंधरा-वीस वेळा शटर मारून, पात्या मोकळ्या करून काढलेला होता.

मग उघडला. पुढच्या लेदरेटखाली, म्हणजे नकली चामड्याच्या आवरणाखाली, स्क्रू असतात, त्यासाठी ते अलगद सोलावं लागतं. इथे ते सुपरग्लूने चिकटवलं होतं आणि त्याच्या वाफेचा पांढरा थर आतल्या धातूवर बसला होता. स्क्रूंची डोकी खरवडलेली. जपानी कॅमेऱ्यांचे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखे असतात, पण खाचेचं माप वेगळं, त्याला जेआयएस म्हणतात. साधा स्क्रूड्रायव्हर लावून जोर दिला की टोक उसळतं आणि खाच फाटते. चारपैकी तीन खाचा फाटल्या होत्या आणि फाटलेल्या कडांवर काळं नेलपॉलिश लावलं होतं. काम नीट जमलं नाही एवढंच असतं तर मी समजून घेतलं असतं, माझ्याही हातून पूर्वी स्क्रू गेलेत. पण नेलपॉलिश मुद्दाम लावावं लागतं.

पुढचा लेन्सचा भाग काढल्यावर पात्या दिसल्या. तेलकट, इंद्रधनुषी झाक आलेल्या. हा प्रकार या कामात सगळ्यांना ठाऊक आहे: शटर खोलून साफ न करता वरूनच पेट्रोल किंवा लायटरचं इंधन सोडायचं. त्यात जुनं ग्रीस विरघळतं आणि पात्या लगेच सुटतात. इंधन उडून जातं, विरघळलेलं ग्रीस मात्र पात्यांच्या फटीत ओढलं जाऊन पसरतं आणि काही दिवसांत त्या एकमेकींना चिकटतात. अशा पात्यांच्या शटरच्या (याला लीफ शटर म्हणतात) पात्या कोरड्या ठणठणीत असायला हव्यात, तेलाचा थेंबही चालत नाही. थंडीत ते ग्रीस आणखी घट्ट होतं. हे पंधरा मिनिटांचं काम आहे. ओव्हरहॉल म्हणजे शटर पूर्ण सोडवून, मंद स्पीडची चक्रं धुऊन, फक्त त्यांच्या टोकांना सुईने नाममात्र तेल देऊन पुन्हा बसवणं. माझे त्यात दोन शनिवार-रविवार गेले.

लेन्सचं मला सर्वांत वाईट वाटलं, कारण तिथे दुरुस्ती नाही. मागचं भिंग ट्यूबलाइटखाली धरून तिरकं केलं. काचेवरचं चमक रोखणारं लेपन शाबूत असेल तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर ट्यूबचं प्रतिबिंब रंगीत दिसतं, जांभळट किंवा पिवळसर. माझ्या लेन्सच्या अगदी मागच्या पृष्ठभागावरचं प्रतिबिंब पांढरंशुभ्र होतं. तिथे बुरशी असणार, आणि कुणीतरी पॉलिशची पूड घेऊन ती काच लेपनासकट घासून काढली होती. जाहिरातीतलं ‘एकदम क्लीन’ ते हे. बुरशी वेळेत पुसली तर बऱ्याचदा निघते, आपल्याकडे पावसाळ्यात कुणाच्या लेन्सला धरत नाही? पण घासून उडवलेलं लेपन घरी परत चढवता येत नाही.

फोकसची गोष्ट सरळ निघाली. वरची, बघायची लेन्स बारीक सेट-स्क्रूंनी एका ठरावीक खोलीवर पक्की केलेली असते. ती पुसायला काढली होती आणि अंदाजाने परत फिरवून बसवली होती. त्यामुळे वरून दिसणारं चित्र एका अंतरावर शार्प आणि खालच्या लेन्सचं दुसऱ्याच. तपासायला मी मागचं झाकण उघडून फिल्मच्या रुळांवर बटर पेपर ताणून लावला, शटर बी वर (दाबून धरलं तेवढा वेळ उघडं राहतं ते) उघडं ठेवलं, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र ३.५ वर, पूर्ण उघडं, आणि समोर लांबचा मोबाइल टॉवर. बटर पेपरवर टॉवर शार्प होईपर्यंत फोकस फिरवला आणि वर पाहिलं तर टॉवर धूसर. सगळ्या दुरुस्तीत एवढंच काम तासाभरात झालं.

फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘कुरिअरमध्ये आदळला असेल दादा.’ मी नेलपॉलिशचा फोटो पाठवला. त्यावर, ‘आधीच्या मालकाने केलं असेल, मी तर फक्त चेक करून दिला.’ मी त्यालाच त्याची जाहिरात दाखवली, चिठ्ठी दाखवली. ‘हमी पार्टची आहे, सर्व्हिसची नाही.’ नंतर मेसेजवरची एक खूण दोनाची होईना. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा तपशील आणि सगळं बोलणं जोडलं आहे. पैसे पाठवल्यावर मूळ जाहिरात त्याने दोन दिवसांत काढून टाकली होती, स्क्रीनशॉट आधी घेतला होता म्हणून पुरावा तरी उरला. तेवढं प्रत्येकाने करावं, पैसे पाठवायच्या आधी.

आणि व्हिडिओ मागायचा तर असा मागा. कॅमेरा रात्रभर पडून राहिलेला, सकाळचा पहिला क्लिक, एक सेकंदावर, एकही कट न मारता. शेजारी त्या दिवसाचा पेपर, तारीख दिसेल असा. एक सेकंदाला मंद चक्रांची घरघर अखंड ऐकू यायला हवी, मध्येच अडखळली तर चक्रं मळलेली आहेत. मग लगेच १/३०. त्यानंतरचे क्लिक पाहायची गरज नाही, ते सगळ्यांचेच चांगले येतात. लेन्सचा फोटो समोरून घेतलेला असेल तर तो सोडून द्या, समोरच्या उजेडात बुरशी आणि जाळं लपतं. शटर बी वर उघडं, ॲपर्चर पूर्ण उघडं, आणि मागून टॉर्च मारून पुढून काढलेला फोटो मागा. पाठोपाठ ट्यूबलाइटखाली तिरकी लेन्स, पुढून आणि मागून, प्रतिबिंबांचे रंग दिसतील असा. स्क्रूंचे जवळून फोटो. आत नेमकं काय केलं, हेही सरळ विचारा: शटर खोललं का, फोकस कशाने जुळवला? खरं काम केलेला माणूस यावर भरभरून बोलतो, कारण या कामाबद्दल विचारणारं कुणी भेटतच नाही. असे प्रामाणिक कारागीर आहेत, मी त्यांच्याकडून शिकलोय, आणि ते एका यशिका मॅटला जेवढे पैसे घेतात तेवढे त्या कामाचे झालेच पाहिजेत. त्यांचंच नुकसान या पेट्रोलवाल्यांमुळे होतं, कारण दोघांच्याही जाहिरातीत शब्द ‘ओव्हरहॉल’ हाच असतो.

उघडता येत नसेल तर पहिला रोल घरच्या कुंडीवर, गॅलरीवर, समोरच्या इमारतीवर संपवा. मुंज, बारसं, वाढदिवस यांच्याआधी एक रोल वाया जाऊ द्या. मला हे माहीत होतं आणि त्या आठवड्यात मी ते केलं नाही. आजी आता फोटोसाठी पुन्हा पाटावर बसायला तयार नाही, तिचे गुडघे दुखतात.

कॅमेरा आता चालतो. सकाळचा पहिला क्लिक नऊ फ्रेमचा आहे. उजेड समोरून आला की चित्रावर फिकट पडदा येतो, तो राहणार. म्हणून लेन्सवर आडवा उजेड अडवणारं कागदी हूड करून लावलं आहे.

रविवारच्या त्या जाहिरातीखाली एका मुलाने ‘इंटरेस्टेड’ लिहिलं होतं. मी त्याला वेगळा मेसेज करून सकाळच्या पहिल्या क्लिकचा व्हिडिओ आणि मागून टॉर्च मारलेला फोटो मागायला सांगितलं. त्याने मागितला. उत्तर आलं, ‘उद्या पाठवतो दादा.’ संध्याकाळपर्यंत जाहिरात गायब झाली. बुधवारी ती परत आली आहे, किंमत दीड हजारांनी कमी, मॅट तीच. ‘फुल ओव्हरहॉल’ अजून तसंच लिहिलेलं आहे.