महिला दिनाला ‘उंबरठा’ लावावा की ‘अस्तित्व’?

सोसायटीत महिला दिनाला चित्रपट दाखवायचा ठरला की नावं भराभर सुचतात, मग एकेक गळत जातं आणि बहुधा दोन उरतात: ‘उंबरठा’ आणि ‘अस्तित्व’. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत आम्ही हे दोन्ही लावले आहेत, वेगवेगळ्या वर्षी, पण त्याच हॉलमध्ये आणि जवळपास त्याच माणसांसमोर. ज्यांना येत्या आठ मार्चसाठी एकच निवडायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. दोन्हींच्या कथा साधारण ठाऊक आहेत असं धरून चालतो.

गळलेल्या नावांबद्दल थोडक्यात. ‘बाईपण भारी देवा’ बहुतेकींनी २०२३ मध्येच घोळक्याने जाऊन पाहिलेला असतो. ‘द ग्रेट इंडियन किचन’ माझ्या मनात फार होता. त्यातला गळका सिंक, पाळीच्या दिवसांत वेगळी बसवलेली सून आणि शरीरसंबंधाविषयी नवऱ्याशी दोन शब्द बोलली म्हणून तिलाच ऐकून घ्यावं लागलेलं, हे सगळं इतकं ओळखीचं आहे की अंगावर येतं. पण तो मल्याळम. खालच्या ओळी वाचता वाचता चित्र निसटतं आणि पुढच्या रांगेतल्या आज्या अर्ध्या तासात कंटाळून उठतात. दोन जावांच्या प्रेमावरच्या ‘फायर’चं नाव मीच काढलं होतं. १९९८ मध्ये त्याच्या खेळांवर हल्ले झाले होते, हे कमिटीतल्या एकाला आठवलं आणि विषय तिथेच मिटला.

आता मुख्य दोन. ‘उंबरठा’ १९८२चा, जब्बार पटेलांचा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. ‘अस्तित्व’ २०००चा, महेश मांजरेकरांचा, मराठी आणि हिंदी दोन्हींत केलेला. दोघांनाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्हींच्या शेवटी बाई स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडते. वरवर पाहिलं तर एकाच गोष्टीच्या या दोन पिढ्या वाटतात, म्हणूनच निवड अवघड होते.

‘अस्तित्व’च्या बाजूने पुष्कळ आहे, आणि ते मी मनापासून सांगतो. लावायला हा सोपा. आटोपशीर आहे, बराचसा एका घरात घडतो, चित्र आणि आवाज स्वच्छ. भाषा आजची वाटते, त्यामुळे कॉलेजातल्या मुलीसुद्धा मोबाइल बाजूला ठेवून पाहतात. तब्बूची अदिती पहिल्या काही मिनिटांत आपली होऊन जाते. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. आणि हा चित्रपट एक गोष्ट स्पष्ट शब्दांत बोलतो, जी आपल्या घरांत बोलली जात नाही: लग्न झालेल्या बाईलाही शरीर असतं, आणि त्या शरीराची भूक ही तिची स्वतःची असते. नोकरी करू का असं विचारलं तर नको म्हणणारा, सतत कामानिमित्त बाहेर असणारा नवरा श्रीकांत, गाणं शिकवायला येणारा मल्हार आणि त्याच्यात व अदितीत जे घडतं ते.

त्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा प्रसंग मात्र वेगळाच आहे. दिवस गेल्याचं कळल्यावर अदिती नवऱ्याला खरं सांगायला जाते आणि तो आनंदाच्या भरात तिचं ऐकूनच घेत नाही. त्या एका प्रसंगात सगळं लग्न दिसतं. आमच्या हॉलमध्ये तेव्हा कोणी हललं नव्हतं. शेवटी अदिती बोलायला लागते तेव्हा मागच्या रांगेतून टाळ्या आल्या, त्या बायकांच्याच होत्या.

मग चर्चा सुरू झाली. माझा निर्णय इथे फिरला, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न आला तो एका गृहस्थांकडून: मग मुलगा नक्की कोणाचा धरायचा? दुसऱ्यांनी मृत्युपत्राचा मुद्दा काढला, मल्हारने अदितीच्या नावे ठेवलेली मालमत्ता तिने घ्यायला हवी होती की नाही. आमच्याकडे एक निवृत्त वकील आहेत, सज्जन माणूस. त्यांनी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११२ समजावून सांगितलं: लग्न टिकून असताना झालेलं मूल कायद्याने नवऱ्याचंच मानलं जातं, मात्र त्या काळात दोघांची भेटच शक्य नव्हती असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. मग श्रीकांत त्या दिवसांत घरी होता की नव्हता, त्याच्या जुन्या डायरीतल्या तारखा काय सांगतात, यावर हॉलमध्ये हिरिरीने बोलणं सुरू झालं. बोलणारे सगळे पुरुष. ज्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्या हातातली रिकामी बशी घेऊन गप्प बसल्या. एकीने धीर करून म्हटलं, “तिला काय वाटलं असेल ते कोणी बोला ना,” तर उत्तर मिळालं, “तेच बोलतोय, वहिनी, पण तिने आधीच सांगायला हवं होतं.” आणि गाडी पुन्हा तिने सांगायला हवं होतं की नव्हतं, यावर आली.

मला हे इतकं खटकलं की बरेच दिवस डोक्यातून गेलं नाही. विचार केल्यावर वाटलं, दोष निव्वळ आमच्या लोकांचा नाही. चित्रपटाची बांधणीच दिवाणखान्यातल्या खटल्याची आहे. सगळे भोवती बसले आहेत, मध्ये अदिती आहे आणि ती उत्तर देते आहे. उत्तर कितीही ताठ मानेने दिलं तरी ती उत्तरच देत असते. तिच्या बाजूने निकाल लागावा म्हणून नवऱ्याचीही प्रकरणं पुढे आणली जातात. म्हणजे तिच्या इच्छेला स्वतःच्या बळावर उभं राहता येत नाही, त्याच्या चुकीशी वजन करावं लागतं. प्रेक्षकही मग न्यायाधीश होऊन बसतात, आणि आपल्याकडे न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण आधी बसतं हे सांगायला नको.

त्या काळचा कायदाही असाच होता. व्यभिचाराच्या ४९७ कलमात गुन्हेगार ठरायचा तो परपुरुष, आणि तोही नवऱ्याची संमती नसेल तर. बाईचं म्हणणं कुठे विचारातच नव्हतं. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केलं. ‘अस्तित्व’ लावणार असाल तर ही माहिती सुरुवातीलाच सांगून टाका, म्हणजे निदान अर्धी वकिली वाचेल.

‘उंबरठा’च्या अडचणी वेगळ्या, आणि त्या खऱ्या आहेत. जुनं चित्र, आवाज काही ठिकाणी खोल जातो. सुरुवात संथ आहे, आणि स्मिता पाटीलची सुलभा तुमच्याकडे पाहून हसत नाही, तुम्हाला आपलंसं करायची खटपट करत नाही. आमच्याकडे पहिल्या पाऊण तासात दोन-तीन मुली उठून गेल्या. ‘सुन्या सुन्या मैफिलीत’ सुरू झालं तेव्हा मात्र सगळा हॉल तोंडातल्या तोंडात गात होता. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल आणि लताबाईंचा आवाज, तेव्हा त्यात नवल नाही. आणि एक गोष्ट कबूल करायला हवी: सुलभाच्या स्वतःच्या शरीरसुखाबद्दल हा चित्रपट फारसं बोलत नाही. त्या बाबतीत ‘अस्तित्व’ कितीतरी पुढे गेला आहे. तोच विषय मांडायचा असेल तर माझं पुढचं म्हणणं तुम्ही बाजूला ठेवू शकता.

पण ‘उंबरठा’त बाई बाहेर पडल्यावर काय करते ते दिसतं. सुलभा संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून रुजू होते आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते. समितीच्या बैठका, हिशेब, वरून येणारे दबाव, आमदाराची आश्रमातल्या बायकांवरची नजर, आणि शेवटी तिच्याच मागे लागलेली चौकशी. आश्रमातल्या दोन बायकांचं एकमेकींवरचं प्रेमही तिथे आहे. १९८२ साली मराठी पडद्यावर हे आलं होतं, हे आमच्यातल्या अनेकांना आठवतच नव्हतं. त्या दोघींचं काय करायचं हे आश्रमाला कळत नाही. चित्रपटाने त्यांना आणखी जागा द्यायला हवी होती असं आज वाटतं, पण त्यांना कोणी कथेतून काढून टाकलं नाही हेही खरं. तो भाग चालू असताना हॉलमध्ये चुळबुळ झाली. नंतर एका आजींनी सहज आवाजात सांगितलं, “आमच्या वेळी वसतिगृहात होत्या अशा दोघी. सगळ्यांना माहीत होतं.” त्यावर कोणी निकाल दिला नाही. त्या पुढे बोलत राहिल्या आणि आम्ही ऐकत राहिलो.

चर्चेची सुरुवात इथेही सुलभाला नावं ठेवूनच झाली. लहानग्या राणीला जावेच्या हवाली करून गेली, ही कसली आई, वगैरे. पण ती फार टिकली नाही, कारण हॉलमध्ये तीच गोष्ट जगलेल्या बायका बसल्या होत्या. आमच्या सोसायटीत सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत नेमणूक झालेल्या शिक्षिका आहेत. मुलं नाशिकला सासूबाईंकडे ठेवून त्यांनी वर्षं काढली आहेत. एक बाई आश्रमशाळेच्या वसतिगृहात अधीक्षिका होत्या. त्या उठून धान्याच्या नोंदवहीबद्दल बोलल्या, रात्री मुलीला ताप आला तर गाडी मिळवण्याबद्दल बोलल्या आणि सही करायला नकार दिला की काय होतं त्याबद्दलही. त्यांच्या यजमानांनी हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. सिन्नरच्या कारखान्यात पाळीवर जाणारी एक मुलगी म्हणाली की रात्रपाळीहून आल्यावर घरात पहिला प्रश्न ‘चहा टाकतेस का’ हाच असतो. माइक बायकांकडून बायकांकडे जात राहिला. मला तो कोणाच्या हातून काढून घ्यावा लागला नाही.

पुरुषांचं काय, हाही प्रश्न असतो. ‘अस्तित्व’मधल्या श्रीकांतचा राग करणं सोपं आहे. मी काही असा नाही, म्हणत प्रत्येक जण निवांत घरी जातो. सुलभाचा नवरा, गिरीश कर्नाडांचा सुभाष, मात्र वाईट माणूस नाही. शिकलेला आहे, वकील आहे, बायकोवर ओरडत नाही, तिला जाऊ देतो. घरात सासूबाई स्वतः समाजकार्य करणाऱ्या. आणि तरीही सुलभा परत येते तेव्हा तिची जागा भरलेली असते. सुभाषच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते आणि सुलभाने ते समजून घ्यावं असं घराला वाटतं. इतक्या चांगल्या घरात हे घडतं म्हटल्यावर हॉलमधल्या आम्हा पुरुषांना टेकायला भिंत उरली नाही. त्या रात्री जिन्यात उभं राहून दोघं-तिघं बराच वेळ बोलत होते. विषय सुलभाचा नव्हता, स्वतःच्या घरातला होता.

नाशिककर असाल तर प्रास्ताविकात एक गोष्ट जरूर सांगा, ती दोन्ही चित्रपटांना चालते. फाळके स्मारक आमच्यापासून अगदी जवळ, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी. दादासाहेबांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. त्यानंतर त्याच वर्षी, १९१३ मध्ये, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यासमोर येणं हाच तेव्हा उंबरठा होता. एवढं सांगितलं की लोक सावरून बसतात.

तर ‘अस्तित्व’ घ्यायचाच असेल तर सोसायटीच्या हॉलपेक्षा भिशीच्या दहा-बारा जणींत, कोणाच्या तरी घरी लावा. माझ्या बायकोच्या भिशीत तो लावला होता, आणि तिच्या सांगण्यावरून तिथे जे बोलणं झालं ते आमच्या हॉलमध्ये कधीच झालं नसतं. मिश्र प्रेक्षक असतील, आजीपासून नातीपर्यंत आणि शेजारी नवरे बसलेले, तर मी ‘उंबरठा’कडे झुकेन. तुमची सोसायटी वेगळी असेल, माणसं वेगळी असतील, अनुभव उलटाही येऊ शकेल.

लावलात तर आदल्या दिवशी हॉलमध्येच आवाज तपासून घ्या, लॅपटॉपच्या आवाजावर विसंबू नका. मध्यंतर सुलभा संगमवाडीला रुळल्यावर घ्या. आधी घेतलंत तर चहा पिऊन लोक परत येत नाहीत. जेवण चर्चेच्या नंतर ठेवा. आमच्याकडे यंदा पुन्हा ‘उंबरठा’च ठरतो आहे, कारण मागच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबांनी तो पाहिलेला नाही.