खटला संपला, नाव राहिलं: नक्कल की हायकोर्ट?

भाच्याचा मित्र, राहणार कोथरूड. हाणामारीच्या केसमधून शिवाजीनगर कोर्टाने आरोपमुक्त केलं, तरी इंटरनेटवर त्याच्या नावाने शोध घेतला की केसमधला जुना आदेश वर येतो. विचारत होता, "काका, सुटल्याच्या आदेशाची नक्कल, म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची प्रत, घेऊन गप्प बसू की नाव काढायला हायकोर्टात जाऊ?"

खर्चात तुलनाच नाही. नकलेला अर्ज, थोडी फी आणि नक्कल विभागात दोन-तीन चकरा. प्रत्येक पानावर गोल शिक्का आहे ना, तेवढं तिथेच बघून घ्यायचं. हायकोर्ट म्हणजे वकील, मुंबईच्या वाऱ्या आणि तारखा.

निकालाची खात्री? इथेच खरी मेख आहे. सुटलेल्याची नोंद पुसून टाका, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम ४८२, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८, म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार (न्याय व्हावा म्हणून कोर्टाकडे मुळातच असलेले). ते वापरायचे की नाही हे न्यायमूर्तींच्या विवेकावर. दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये एका सुटलेल्या माणसाचा निकाल शोधात येऊ नये असा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी मद्रास हायकोर्टाच्या एकल पीठाने (एकाच न्यायमूर्तींनी) तशीच मागणी नाकारली.

सरकारी नोकरीचा फॉर्म भरायचा असेल तर नक्कल जोडा आणि खरं लिहा. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सुप्रीम कोर्टाने उमेदवाराला आपल्यावरच्या केसची माहिती खरीच द्यायला सांगितलंय. लपवाछपवी महागात पडते. खासगी नोकरी किंवा लग्नाच्या बोलणीत नुसत्या नावानेच घात होत असेल, आणि खिसा व धीर दोन्ही असतील, तर हायकोर्ट.