डायजीन, फॅमोटिडीन की पॅन्टोप्राझोल?

मेडिकलच्या दुकानात “ॲसिडिटीची गोळी द्या” म्हटलं की बऱ्याचदा पॅन्टोप्राझोल किंवा तिची, मळमळीवरचं डोम्पेरिडोन मिसळलेली कॅप्सूल हातात पडते. लग्नाचं जेवण झाल्यावर तासाभराने छातीत जळजळायला लागलं म्हणून ती घेतली, तर फारसा उपयोग होत नाही. औषध वाईट नाही, ते या कामाचं नाही.

जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींना तीन बाजूंनी हुकूम येतो: हिस्टामिन, गॅस्ट्रिन आणि मज्जातंतूंमधून येणारं ॲसिटिलकोलिन. तिन्ही हुकूम शेवटी पोचतात ते प्रोटॉन पंपापाशी. आम्ल जठरात सोडतो तो हा पंप. डायजीनसारखं अँटासिड यातल्या कशालाच हात लावत नाही, आधीच सुटलेलं आम्ल तेवढं मारतं. फॅमोटिडीन हिस्टामिनचा हुकूम अडवतं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल हे पंपच बंद पाडतात.

महिन्यातून एकदोनदाच त्रास होत असेल तर माझं मत सरळ अँटासिडला. डायजीन, जेलुसिलसारखी पातळ औषधं काही मिनिटांत आराम देतात. रिकाम्या पोटी हा आराम अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो, जेवणानंतर घेतलं तर दोन-तीन तास टिकतो. मॅग्नेशियमने पोट ढिलं होतं, ॲल्युमिनियमने धरतं, म्हणून दोन्ही एकत्र घातलेली असतात. इनोमध्ये सोडियम भरपूर. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्याची सवय लावून घेऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कुठलंही अँटासिड डॉक्टरांना विचारूनच. थायरॉईडची, लोहाची गोळी आणि अँटासिड एका वेळी घेतलं, तर ती गोळी नीट शोषली जात नाही.

फॅमोटिडीन हे मधलं घर, आणि आपल्याकडे जरा दुर्लक्षितच. तासाभरात लागू पडतं, दहा-बारा तास टिकतं. रात्रीच्या आम्लामागे हिस्टामिनचा हात मोठा असल्यामुळे झोपेत आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांना ते विशेष उपयोगी. पण रोज घेतलं तर आठवडा-दोन आठवड्यांत जोर कमी होतो. याच गटातलं रॅनिटिडीन घरोघरी होतं. त्यात एनडीएमए हा कर्करोगाशी संबंध जोडला जाणारा घटक सापडला. 2020 मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं, 2022 मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेलं.

पॅन्टोप्राझोलचं तंत्र वेगळं. ते फक्त चालू असलेल्या पंपांना पकडतं आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून घ्यायचं ते जेवणाआधी अर्धा ते एक तास, शक्यतो सकाळी, कारण रात्रभराच्या उपासानंतर सर्वाधिक पंप कामाला लागतात. पकडलेला पंप पुन्हा सुरू होत नाही, शरीराला नवा बनवावा लागतो. त्यामुळे रक्तातलं औषध काही तासांत संपलं तरी परिणाम दिवसभर राहतो. पूर्ण जोर यायला मात्र तीन ते पाच दिवस लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा जळजळ, अन्ननलिकेला सूज किंवा अल्सर असेल तर याला तोड नाही.

“आम्लच कमी केलं तर अन्न पचणार कसं?” ही शंका हमखास येते. जठराचा पीएच 2 वरून 4 वर गेला म्हणजे आम्लता शंभरपट घटली, आणि तिथे प्रथिनं तोडणारं पेप्सिन जवळजवळ थंडावतं. तरी पचन अडत नाही, कारण ते काम स्वादुपिंडाचे रस लहान आतड्यात उरकतात. खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अन्नातलं बी12 सुटं करायला आणि भाजी-डाळीतलं लोह विरघळवायला आम्ल लागतं, जंतू मारायलाही. शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आणि वर वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोल, अशा माणसाने बी12 तपासून घ्यायलाच हवं. लांबल्या वापरात मॅग्नेशियमही घसरू शकतं.

सोडणंही सोपं नसतं. आम्ल दाबलं की शरीर गॅस्ट्रिन वाढवतं आणि गोळी एकदम थांबवली की आम्ल उसळी मारतं. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात कसलाही त्रास नसलेल्यांना 8 आठवडे याच गटातलं औषध दिलं. बंद केल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांना जळजळ सुरू झाली. म्हणून “सोडली की त्रास होतो, म्हणजे गोळी लागतेच” हा निष्कर्ष घाईचा. मात्रा कमी करत, मधल्या काळात अँटासिड किंवा फॅमोटिडीनच्या आधाराने ती डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवता येते.

मात्र ॲस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्या चालू आहेत आणि पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालाय, अशांनी पॅन्टोप्राझोल मनाने बंद करू नये. रक्ताची गुठळी होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी ओमेप्राझोलऐवजी पॅन्टोप्राझोलबद्दल विचारावं. आणि घास अडकणं, काळी शी, विनाकारण उतरणारं वजन किंवा घाम फुटून छातीत दुखणं असेल, तर यातलं काहीच न निवडता आधी डॉक्टर गाठावा.