पानांचे ठसे, क्रेयॉनची छाप की चिकटकाम? बालवर्गातल्या मुलांसाठी काय निवडाल

बालवर्गातल्या मुलांबरोबर पानांपासून काही करायचं ठरवलं की तीन गोष्टी समोर येतात. पानाला रंग लावून कागदावर ठसा उठवायचा, कागदाखाली पान ठेवून वरून क्रेयॉन घासायचा, नाहीतर वाळलेली पानं फेव्हिकॉलने चिकटवून मासा, मोर, घुबड असं काही करायचं. यातलं काय घ्यावं, असं कुणी विचारलं तर मी आधी मुलाचं वय विचारते. अडीच ते चार वर्षांच्या मुलाला ठसेकाम द्यावं, चार पूर्ण झालेल्याला क्रेयॉनची छाप, आणि चिकटकाम सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी सुरुवातच चिकटकामाने होते, कारण चिकटवलेला मोर भिंतीवर छान दिसतो. पण मुलाच्या हाताला काम किती मिळालं, हे त्या मोराकडे बघून कळत नाही.

आधी हंगामाचं बघू. ऑक्टोबरमध्ये ‘ऑटम’चा आठवडा ठेवायची पद्धत आता बऱ्याच प्लेस्कूलांत आली आहे. मेपलच्या पानाचं छापील चित्र येतं आणि मुलं त्यात नारिंगी रंग भरतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत तेव्हा पाऊस नुकताच उघडलेला असतो, झाडं हिरवीगार असतात आणि खिडकीबाहेर नारिंगी काहीच नसतं. आपली पानगळ साधारण जानेवारी ते मार्च. थंडीत देशी बदामाची पानं लाल होऊ लागतात. एकाच पानावर हिरवा, पिवळा, शेंदरी आणि किरमिजी असे सगळे रंग सापडतात. सागाचीही पानगळ याच दिवसांतली. पिंपळ पिवळी पानं टाकतो आणि थोड्याच दिवसांत तांबूस पालवीने भरून जातो. म्हणून रंगीत पानं मुलांच्या हातात द्यायची असतील तर हा उपक्रम सरळ जानेवारीनंतर ठेवा.

ऑक्टोबरातच करायचा असेल तर हिरवी पानं घ्या आणि ठसे किंवा छाप निवडा. दोन्हींना लवचीक पानच लागतं. चिकटकाम मात्र तेव्हा नको. ओलसर पान चिकटतं खरं, पण वाळताना आक्रसतं आणि कडेने सुटून येतं. दसऱ्याला घरी आलेली आपट्याची पानं दुसऱ्या दिवशी ठशांना फार छान. दोन दलांचा ठसा उठला की मुलं स्वतःच ‘फुलपाखरू’ म्हणतात.

ठसेकाम लहान मुलांना जमतं, कारण त्यात चुकायला जागा फार थोडी आहे. पान वाकडं ठेवलं तरी ठसा येतो, रंग जास्त झाला तरी आकार उमटतो. पोस्टर कलर बशीत काढा, पाणी जवळजवळ नकोच. धिरड्याच्या पिठापेक्षा घट्ट हवा. पातळ रंग शिरांमधल्या खळग्यांत साचतो आणि कागदावर नुसता डाग पडतो. रंग पानाच्या मागच्या बाजूला लावायचा, कारण शिरा तिथे वर आलेल्या असतात. ब्रशपेक्षा स्पंजचा तुकडा बरा, लहान मुठीत नीट बसतो. मग रंगाची बाजू खाली करून पान कागदावर ठेवायचं, वर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवायचा आणि दाबायचं. इथे घाई करू नका. मूल आधी एका बोटाने दाबतं, मग तळव्याने, मग दोन्ही हात एकावर एक ठेवून अंगाचा भार टाकतं. देठाला धरून पान उचलायचं कामही त्यालाच द्या. मधली शीर आणि तिला फुटलेल्या बारीक शिरा कागदावर दिसल्या की बहुतेक मुलं पान उलटून त्यात त्याच शिरा शोधू लागतात. निरीक्षण शिकवायला वेगळा तास लागत नाही, तो इथेच झालेला असतो.

ठशांना जास्वंद, करंज, पेरू, पिंपळ ही पानं चांगली. आंब्याच्या पानाची बाह्यरेषा छान येते, आतल्या शिरा फारशा येत नाहीत. पूर्ण वाळलेलं पान घेऊ नका, दाबलं की त्याचा चुरा होतो.

अडचण आहे ती पसाऱ्याची. रंग कोपरांपर्यंत जातो, फरशीवर पावलांचे ठसे उठतात. वन बीएचकेच्या हॉलमध्ये हे करायचं म्हणजे आधी जुनी चादर, बादलीभर पाणी आणि धुवायचे कपडे अशी तयारी हवी. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगच्या जागेत) किंवा गच्चीवर जागा मिळाली तर उत्तम. पावसाळ्यात रंग वाळायला फार वेळ लागतो, तेव्हा कागद एकावर एक ठेवू नका.

क्रेयॉनच्या छापेला यातलं काहीच लागत नाही. कागद, पान, क्रेयॉन, झालं. मग लहान मुलांनाही हेच का देऊ नये? एका हाताने कागद घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने सारख्या जोराने घासायचं, ही दोन कामं एकदम करणं तीन वर्षांच्या मुलाला जड जातं. कागद सरकतो, छाप दुहेरी येते, मूल चिडतं. चार-साडेचार वर्षांनंतर तेच मूल यात रमून जातं. थोडी मदत केली तर आधीही जमू शकतं: पान टेपच्या छोट्या तुकड्याने परीक्षेच्या पॅडला चिकटवा, कागद क्लिपमध्ये अडकवा, म्हणजे हलणारं काही उरत नाही. क्रेयॉनवरचा कागद सोलून तो आडवा धरायचा, टोकाने घासलं तर कागद फाटतो. कागद पातळ हवा. कार्डशीट किंवा ड्रॉइंग पेपरवर शिरा उमटत नाहीत. पानाची मागची बाजू वर ठेवायची, हे इथेही लागू.

छापेसाठी माझी पहिली पसंती पेरूच्या पानाला. त्याच्या मागच्या शिरा बोटाला लागतील इतक्या वर असतात आणि सरळ रांगेत कडेपर्यंत जातात. त्यानंतर पिंपळ आणि बदाम. सागाचं पान बहुतेक वेळा वहीच्या कागदापेक्षा मोठं असतं, त्यामुळे त्याची छाप दोन-तीन मुलांनी मिळून मोठ्या कागदावर घ्यावी. सागाची आणखी एक गंमत दाखवण्यासारखी आहे: कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, आणि ते बोट कागदावर फिरवलं की रेघ उमटते.

बाहेर जाऊन करायचं असेल तर छापेला तोड नाही. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर, कचराळी तलावाच्या बागेत, खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये किंवा नेरुळच्या वंडर्स पार्कमध्ये बाकावर बसून मुलं तिथल्या तिथे चार झाडांच्या छापा घेऊ शकतात, आणि खोडाचीही. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलात तर छापा तिथेच घ्या, पानं पिशवीत भरून आणू नका. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथली कुठलीही वनोपज बाहेर न्यायला कायद्याने मनाई आहे.

आता चिकटकाम. पानं वर्तमानपत्रात घालून आठवडाभर वजनाखाली दाबून ठेवावी लागतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत मधे एकदा कागद बदलला नाही तर बुरशी येते. एवढं करून बहुतेक ठिकाणी ताई नमुना समोर ठेवतात आणि मुलं तसंच चिकटवतात. जे जमत नाही ते ताई किंवा आई पूर्ण करते. करायचंच असेल तर नमुना ठेवू नका. वेगवेगळ्या आकारांची पानं मधे मांडा आणि आधी गोंदाशिवाय जमिनीवर रचू द्या. मोठ्याकडून छोट्याकडे, पिवळ्याकडून लालकडे, असं मुलं आपणहून लावतात. दोन वर्षांच्या मुलासाठी तर एवढंच पुरे. पाच वर्षांच्यांना त्यातलं आवडलेलं चिकटवू द्या, मग तो मोर दिसो वा न दिसो.

पानं, बिया, शंख-शिंपले अशी भोवतालची साधनं वापरून बालशिक्षण करता येतं, हे आपल्याच भागात फार आधी दाखवून झालं आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला हे काम केलं, तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. बाजारातली महागडी ‘लीफ आर्ट किट’ घेण्याआधी एवढं आठवावं. त्या खोक्यातल्या कापडी पानांना शिराही नसतात आणि वासही नसतो.

काही पानं मात्र कुठल्याच प्रकारात नकोत. कण्हेर आणि पिवळी कण्हेर विषारी आहेत आणि सोसायट्यांच्या कुंपणाला त्या सर्रास असतात. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. अळूने खाज सुटते, आणि लॉबीतल्या कुंड्यांत असतं ते पांढरे ठिपके असलेलं डिफेनबेकिया तोंडात गेलं तर जीभ सुजते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातली पानं उचलू देऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. गोळा केलेली पानं धुऊन, मागे सुरवंट नाही ना हे बघून मगच मुलांना द्या. आणि झाडावरची ओरबाडण्यापेक्षा सकाळी झाडलोट व्हायच्या आधी खाली पडलेली वेचा. सफाईवाल्या मावशींना आदल्या दिवशी सांगितलं तर त्या चांगली पानं बाजूला काढून ठेवतात.

वर्गात वीस मुलं आणि एकच ताई असेल तर ठसे सगळ्यांना एकदम देऊ नका. चार मुलं ठशांच्या चटईवर, बाकीची पानं रचायला, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी अदलाबदल. मोठ्या शिशूच्या वर्गात मात्र सगळ्यांना एकाच वेळी क्रेयॉनची छाप देता येते, फक्त पॅड आणि क्लिप घरून आणायला आदल्या दिवशी डायरीत लिहून पाठवा.