सोळाव्या वर्षीचं लायसन्स, बिनलायसन्सची ई-बाइक, की अठरापर्यंत थांबायचं?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी हा विषय निघतो. कॉलेज लांब, क्लास त्याहून लांब, रिक्षा परवडत नाही, मग गाडीचं काय? वर्गातले बरेच जण आईची अ‍ॅक्टिव्हा घेऊन यायला लागलेले असतात. अशात मुलगी मोबाइलवर शोधून सांगते, "बाबा, सोळाव्या वर्षी पण लायसन्स मिळतं." पुढच्या आठवड्यात शोरूमवाला सांगतो, "साहेब, ही ई-बाइक घ्या, हिला लायसन्सच लागत नाही." आणि आजोबा म्हणतात, दोन वर्षं थांबा, काही बिघडत नाही.

तिघांचंही म्हणणं कायद्याला धरून आहे. तरी तिन्ही पर्याय सारखे नाहीत. नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे परभणी असो की पणजी, मुख्य अटी त्याच.

सोळाव्या वर्षीचं लायसन्स

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ४ सांगतं की अठरा पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवता येणार नाही. त्याला सूट एकच: ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी सोळा पूर्ण झाल्यावर चालवता येते. अठराच्या आत लर्निंग काढायचं तर पालकाची लेखी संमती लागते. बाकी वाट मोठ्यांसारखीच आहे. सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर अर्ज, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, तब्येतीबद्दलचं स्वयंघोषणापत्र, मग वाहतुकीच्या नियमांवरची परीक्षा. महाराष्ट्रात तिच्यात १५ प्रश्न येतात, ९ बरोबर आले की पास. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस थांबायचं आणि सहा महिन्यांच्या आत ट्रॅकवर टेस्ट द्यायची. मूळ फी लर्निंगला १५० रुपये, परीक्षेला ५०, टेस्टला ३०० आणि पक्क्या लायसन्सला २००. सेवाशुल्क, कार्ड, पोस्ट हे वरचं.

इथवर सगळं छान आहे. पण ५० सीसीची गाडी आणायची कुठून?

अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन जवळपास ११० सीसीचं. ज्युपिटर ११० च्या वरच. खेडोपाडी दुधाचे कॅन वाहणारी एक्सएल १००, जिला आपण अजून मोपेडच म्हणतो, तीही शंभराला टेकलेली. ही सूट ज्या गाड्यांना शोभायची त्या लूनाच्या पिढीच्या. कायनेटिकची लूना १९७२ मध्ये आली, आपल्या नगरच्या कारखान्यात तयार व्हायची, आणि कायदा झाला तेव्हा ५० सीसीच्या मोपेड गल्लोगल्ली होत्या. त्या गेल्या, सूट तेवढी पुस्तकात राहिली. लूना आता पुन्हा आली आहे, पण बॅटरीवर आणि ताशी ५० च्या वेगाने. कलमात हिशेब इंजिनाच्या सीसीचा आहे, मोटरच्या वॉटचा त्यात उल्लेखच नाही. म्हणून या लायसन्सवर हिरव्या नंबरप्लेटची इलेक्ट्रिक स्कूटर चालेल असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्याकडून ते लेखी मागा.

खरी गोम पुढे आहे. सोळाव्या वर्षीचं लायसन्स खिशात असलं आणि खाली अ‍ॅक्टिव्हा असली, तर कायद्याच्या दृष्टीने ती विनापरवाना चालवणंच झालं. लायसन्स गाडीच्या वर्गाप्रमाणे असतं. "लायसन्स आहे ना तिच्याकडे" हे वाक्य इथे कामाला येत नाही.

आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवली की प्रकरण साध्या चलनावर थांबत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. हा शेवटचा भाग पालकांच्या डोक्यात बसत नाही असं माझं निरीक्षण आहे. दोन वर्षांची घाई केली तर सात वर्षं जास्तीची जातात. त्यात कॉलेज गेलं, पहिली नोकरीही गेली.

"मला न विचारता नेली" असं म्हणता येतं, पण ते पालकाने सिद्ध करायचं. न्यायालय सुरुवातीला हेच धरून चालतं की गाडी तुमच्या संमतीने गेली. दाराजवळच्या खिळ्याला किल्ली लटकत असेल तर सिद्ध काय करणार? या कलमातून पालकाला सूट मिळते ती मुलाकडे लर्निंग किंवा पक्कं लायसन्स असेल आणि तो त्याच लायसन्सवर बसणारी गाडी चालवत असेल तेव्हाच. म्हणजे पुन्हा ५० सीसी. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती. ती महागडी मोटार होती, पण कलमाला गाडीच्या किमतीशी देणंघेणं नाही.

विम्याचंही तसंच. चालवणाऱ्याकडे योग्य लायसन्स नसताना समोरच्याला लागलं, तर विमा कंपनी नुकसानभरपाई भरून ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून 'आधी भरा, मग वसूल करा' ही रीत पक्की झाली आहे. मालकाची जाणूनबुजून हयगय होती हे कंपनीला दाखवावं लागतं. पण आईने स्वतः मुलाच्या हातात किल्ली दिली असेल तर ते दाखवायला कितीसा वेळ लागणार?

बिनलायसन्सची ई-बाइक

हा पर्याय खरा आहे, पण त्याला चौकट आहे. मोटरची क्षमता २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. एवढं असलं आणि मान्यताप्राप्त संस्थेने तपासून मान्यता दिलेली असली, तर ती कायद्याने मोटार वाहनच ठरत नाही. म्हणून लायसन्स नाही, नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, वयाची अट नाही. तपासणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे.

गडबड दुकानात होते. गाडी कागदावर २५ ची, पण विक्रेता आवाज खाली आणून म्हणतो, "ही वायर काढली की पंचेचाळीस जाते, सगळे तसंच करतात." ज्या क्षणी ती वायर निघते त्या क्षणी तुमची 'सायकल' मोटार वाहन होते, आणि तेही विनानोंदणीचं, विनाविम्याचं, अल्पवयीन मुलाच्या हातातलं. म्हणजे वरचं सगळं कलमपुराण पुन्हा लागू. महाराष्ट्रात २०२२ मध्ये परिवहन विभागाने अशा वेग वाढवलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम उघडली होती. तेव्हा विकत घेताना मान्यता प्रमाणपत्राची प्रत मागा, त्यावरचं मॉडेल आणि समोरच्या गाडीवरचं मॉडेल एकच आहे का ते पाहा, आणि बिलावर वॉट आणि वेग लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर दुकान बदला. नंबरप्लेट असलेली कोणतीही इलेक्ट्रिक स्कूटर, ती कितीही 'शांत' असली, तरी लायसन्सचीच गाडी आहे हेही मुलांना सांगून ठेवा. प्लेट हिरवी म्हणजे सूट, असा एक गैरसमज जोरात आहे.

चालवायला ही गाडी कशी? सोलापूर किंवा सांगलीसारख्या सपाट गावात चार-पाच किलोमीटरचं अंतर असेल तर उत्तम. चढ आला की २५० वॉटचा जीव दिसतो. रत्नागिरीच्या चढणींवर किंवा पुण्यात कात्रजच्या बाजूला दप्तरासकट पोर बसलं की गाडी कुंथायला लागते, आणि मागे मैत्रीण बसवणं विसराच. हायवेला लागणारा रस्ता असेल तर मी ही गाडी देणार नाही. साठ-सत्तरने जाणाऱ्या ट्रकांच्या कडेला पंचवीसने चालणं हे नियमात बसत असलं तरी धोक्याचं आहे. हेल्मेटची सक्ती मोटारसायकलवर आहे, या गाडीवर नाही. घरात मात्र सक्ती करा.

आणखी एक. विमा सक्तीचा नाही याचा अर्थ जबाबदारी नाही असा होत नाही. धडक बसून कुणाचा हात मोडला तर खर्च तुमच्या खिशातून. वैयक्तिक अपघात विमा मुलाच्या नावाने काढून ठेवणं शहाणपणाचं, पण तो समोरच्याचं नुकसान भरत नाही.

थांबायचं ठरवलं तर

थांबणं म्हणजे दोन वर्षं पोराला नेऊन सोडणं, असं पालकांना वाटतं आणि तिथेच गाडी अडते. एसटीचा मार्ग असेल तर आधी तो बघा. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत आहे, आणि अहिल्यादेवी होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास फुकट. गाडीच्या हप्त्यापुढे हा खर्च काहीच नाही. अडचण वेळेची. सकाळी सातचा क्लास आणि पहिली बस पावणेसातची असेल तर पास नुसता खिशात राहतो. साधी गिअरची सायकल हा पर्याय आपण फार लवकर सोडून देतो, असं माझं मत. मुलं ऐकत नाहीत, हेही खरं.

अठरा पूर्ण झाल्यावर मात्र काम एकदाच आणि नीट करा. सोळाव्या वर्षी ५० सीसीचं काढलेलं असलं तरी मोठ्या गाडीसाठी नव्या वर्गाचं लर्निंग आणि ट्रॅकवरची टेस्ट पुन्हा आहेच. म्हणजे ते आधी काढून फारसं काही वाचत नाही. अठराव्या वर्षी एकाच अर्जात गिअरची दुचाकी आणि चारचाकी हे दोन्ही वर्ग टाका. गिअरच्या दुचाकीचं लायसन्स असलं की बिनगिअरची चालवता येते, उलटं चालत नाही. लर्निंगची आणि टेस्टची फी वर्गाप्रमाणे, पण पक्कं लायसन्स एकच. ते वयाच्या चाळिशीपर्यंत टिकतं.

आधार जोडून घरबसल्या लर्निंग काढायची सोय महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. आरटीओत जावं लागतं ते ट्रॅकसाठी. दुचाकीवर आकड्यातला आठ काढायचा, पाय टेकला की संपलं. पोरं इथे नापास होतात ती वेगामुळे नाही, हळू चालवता न आल्यामुळे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने आठ काढून, ब्रेकला हात न लावता नुसत्या गिअरवर गाडी फिरवायचा सराव केला की भीती जाते. गाडी आपलीच न्यायची असते, तिचं आरसी, विमा आणि पीयूसी सोबत असू द्या. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. तीनदा नापास झालं तर साठ दिवस थांबायचं आणि उजळणीचं प्रशिक्षण घ्यायचं.

लर्निंगवर गाडी चालवताना पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, पाटी १८ सेंटिमीटरची चौरस. आणि सोबत पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा. दुचाकीवर मागे मित्र बसवून हिंडणं लर्निंगमध्ये बसत नाही. हा नियम सर्वात जास्त मोडला जातो.

चारचाकीसाठी मोटार ट्रेनिंग स्कूल लावणार असाल तर एक प्रश्न आधी विचारा: तुमच्याकडे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचा दर्जा आहे का? २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा केंद्रात २९ तासांचा हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला की आरटीओतल्या टेस्टमधून सूट मिळते. पण त्याला किमान एक एकर जागा लागते. कोपऱ्यावर गाळ्यात चालणाऱ्या स्कूलकडे ती कुठून असणार? "आमच्याकडे टेस्ट द्यावी लागत नाही" असं तिथे कुणी म्हणालं तर तो एजंटगिरीचा सूर समजा.

मग कुणी काय निवडावं? घरात कागदपत्रं जिवंत असलेली जुनी ५० सीसीची मोपेड खरोखर असेल तरच सोळाव्या वर्षीचं लायसन्स काढा. तशी घरं बोटावर मोजण्याइतकी. सपाट गाव, थोडं अंतर आणि मूल सांगितलेलं ऐकणारं असेल तर मंद वेगाची ई-बाइक, वायर न काढता. बाकी सगळ्यांसाठी माझं मत अठराचंच. त्यातही वाढदिवस डिसेंबर-जानेवारीत येत असेल तर त्याच दिवशी लर्निंग काढायची हौस करू नका. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होते, मग सीईटी, आणि लर्निंगचे सहा महिने तोवर संपत येतात. परीक्षा उरकल्यावर अर्ज केला तर सुट्टीत सरावही होतो आणि पावसाळ्याआधी ट्रॅकची तारीखही घेता येते.